दगड तोच, गाडी कोणती?

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात किनलॉखलीव्हन नावाचं एक छोटं गाव आहे. दरवर्षी एप्रिल संपता संपता किंवा मे उजाडताना तिथे दोन दिवस जुन्या मोटरसायकलींची स्पर्धा भरते. १९८४ साली सुरू झालेल्या या स्पर्धेला 'प्री-सिक्स्टीफाइव्ह स्कॉटिश' म्हणतात. अट नावातच आहे. गाडी १९६५ च्या आधीच्या बनावटीची हवी.

मोटरसायकलची स्पर्धा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे येईल, त्यातलं इथे जवळपास काहीच नसतं. गुडघा जमिनीला घासत वळणारे स्वार नसतात, चेकर्ड झेंडा नसतो. इथे गाडी माणसाच्या चालीने जाते, कधी त्याहूनही हळू. स्वार सीटवर बसत नाही, फूटपेगवर उभा राहतो. समोर ओढ्यातले शेवाळलेले दगड असतात, झाडाच्या मुळ्या असतात, चिखलाचा उभा चढ असतो. दोन्ही बाजूंना फिती आणि खुणेच्या पाट्या लावून वाट आखलेली असते. अशा प्रत्येक तुकड्याला 'सेक्शन' म्हणतात. दिवसभरात असे अनेक सेक्शन पार करायचे. कोण आधी पोचलं याला महत्त्व नाही, पाय किती वेळा टेकला याला आहे.

या खेळाचं नाव 'ट्रायल्स'. गुणपद्धत इतकी सोपी की एका ओळीत सांगता येते. पाय अजिबात न टेकता सेक्शन पार केला तर शून्य, एकदा टेकला तर एक, दोनदा टेकला तर दोन, तीनदा किंवा कितीही वेळा टेकला तरी तीन, आणि गाडी पडली, फितीबाहेर गेली किंवा सेक्शन पुरा झालाच नाही तर पाच. जुन्या गाड्यांच्या बऱ्याच स्पर्धांमध्ये मध्येच थांबलात तरी पाच. हे दंडाचे गुण आहेत, त्यामुळे ज्याचे सगळ्यांत कमी तो जिंकला. प्रत्येक सेक्शनपाशी एक निरीक्षक पावसापाण्यात उभा असतो आणि पाय मोजतो. क्लबच्या स्पर्धांत तो बहुधा क्लबचाच कोणीतरी स्वयंसेवक असतो.

इतका साधा, इतका कमी पैशांचा, इतका गावकीतला खेळ. तरी या खेळात गेली कित्येक वर्षं एक वाद धुमसतोय. वाद गाड्यांचा आहे, पण मला तो तत्त्वज्ञानाच्या वर्गातला वाटतो. 'जुनी गाडी' म्हणजे नक्की काय?

रथाचा प्रश्न

समजा, एका स्वाराची गाडी कागदोपत्री १९५९ ची ट्रायम्फ टायगर कब आहे. २०० सीसीच्या आतबाहेरची ही छोटी ब्रिटिश गाडी जुन्या ट्रायल्समध्ये फार लोकप्रिय आहे. आता जवळ जाऊन बघू. फ्रेम नवी, एका कारागिराने हलक्या नळ्यांची घडवलेली. चाकांचे हब अॅल्युमिनियमचे, आजच्या यंत्रावर कातलेले. पुढचे फोर्क वरून जुने दिसतात, आत सगळं आधुनिक. इग्निशन इलेक्ट्रॉनिक. कार्बोरेटर नवा, मागचे शॉकॲब्सॉर्बर नवे, टाकी नवी. जुनं काय उरलं? इंजिनचं बाहेरचं कवच आणि त्यावर ठोकलेला नंबर.

अशी गाडी 'प्री-सिक्स्टीफाइव्ह' म्हणायची का?

हा प्रश्न आपल्याला अनोळखी नाही. 'मिलिंदपन्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला त्याच्याच रथाबद्दल विचारतात. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू, दांडी, लगाम? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? उत्तर असं निघतं की या सगळ्या भागांच्या जुळणीला आपण व्यवहारापुरतं 'रथ' हे नाव देतो. वेगळी अशी रथ नावाची वस्तू त्यांच्या आत कुठे लपलेली नसते. ग्रीकांकडे हाच प्रश्न थिसियसच्या जहाजाचा आहे. कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या, शेवटी एकही मूळ फळी उरली नाही, तर जहाज तेच का? पुढे सतराव्या शतकात थॉमस हॉब्जने त्यात आणखी मेख मारून ठेवली. काढून टाकलेल्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचं पुन्हा जहाज बांधलं, तर खरं कोणतं?

मोटरसायकलवाल्यांना ही कोडी ऐकवली तर ते हसतील, कारण त्यांच्यासाठी हे रोजचंच आहे. क्लच प्लेट, चेन, टायर, केबल, ब्रेक शू, पिस्टन रिंग या गोष्टी झिजण्यासाठीच बनवलेल्या असतात. १९५९ चे टायर घालून आज कोणी ओढ्यात उतरत नाही. म्हणजे 'सगळं मूळचं हवं' ही अट ज्या दिवशी गाडी पहिल्यांदा गॅरेजमध्ये गेली त्याच दिवशी मोडली. आणि 'काहीही बदला, नंबर तेवढा जुना ठेवा' असं म्हटलं, तर जुनेपणा इंजिनवर ठोकलेल्या चार आकड्यांत जाऊन बसतो. पहिली अट कुणालाच पाळता येत नाही. दुसरी इतकी सैल आहे की ती पाळण्यात काही अर्थच उरत नाही.

आपल्या ओळखीची साक्षीदार

इथे एका गाडीला साक्षीला बोलावू, कारण ती तुमच्या गल्लीतही उभी असेल. रॉयल एनफिल्ड बुलेट.

आज बुलेट म्हणजे लडाख, सायलेन्सरचा आवाज आणि लग्नाच्या वरातीतली एंट्री. पण बुलेटच्या घडणीत ट्रायल्सचा मोठा वाटा आहे. १९४८ साली नव्या बुलेटचे नमुने इंग्लंडमध्ये आधी ट्रायल्समध्येच उतरवले गेले. त्यांच्या मागच्या चाकाला स्विंगिंग आर्म आणि स्प्रिंग होती. तेव्हाच्या ट्रायल्सच्या गाड्यांना मागे स्प्रिंग नसायची आणि तसंच बरं, असं जाणकार मानायचे. स्प्रिंगमुळे दगडावर चाकाची पकड सुटेल, असा त्यांचा तर्क होता. तो चुकीचा ठरला. जॉनी ब्रिटन या स्वाराने रॉयल एनफिल्डवर १९५२ आणि १९५७ अशी दोनदा 'स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल' जिंकली. सहा दिवस चालणारी ही स्पर्धा या खेळात सगळ्यांत मानाची समजली जाते.

१९५५ साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली. पुढे इंग्लंडमधली कंपनी बंद पडली, मद्रासची चालू राहिली. उजव्या पायात गिअर आणि कास्ट आयर्नचं इंजिन असलेली, मूळ १९५० च्या दशकातल्या आराखड्याची बुलेट आपल्याकडे पुढची कित्येक दशकं बनत राहिली. २०१९ साली कंपनीने 'बुलेट ट्रायल्स' नावाची गाडीही काढली होती. ती त्या जुन्या विजयांची आठवण म्हणून.

आता सांगा. १९८५ साली मद्रासमध्ये बनलेली बुलेट 'जुनी' की नवी? तारीख बघितली तर १९६५ च्या रेषेपासून वीस वर्षं अलीकडची. वजन, इंजिनचा स्वभाव, फ्रेमची ठेवण, वळायला लागणारी जागा बघितली तर ती त्या वरच्या टायगर कबपेक्षा कितीतरी जुनी. एकीचा कागद जुना आणि अंग नवं. दुसरीचा कागद नवा आणि अंग जुनं.

आराखड्याची साल धरायची, बनवल्याची धरायची की सुट्या भागांची, हे प्रत्येक आयोजकाला कधी ना कधी ठरवावं लागतं. पण कुठल्याही नियमपुस्तकाच्या आधी एक प्रश्न येतो. आपण ही भानगड करतोच का? जुनी गाडी जुनीच राहावी, याची आपल्याला एवढी काळजी कशासाठी?

'माझी गाडी, माझे पैसे'

नवी फ्रेम बसवणाऱ्या स्वाराचं म्हणणं ऐकू. ते अगदी रास्त वाटतं. गाडी माझी, पैसे माझे. मी कोणाचं काय बिघडवलं? हवं तर तुम्हीही बसवा.

या युक्तिवादाला ट्रायल्समध्ये फार ठोस उत्तर मिळतं, आणि ते त्या रंगीत फितींतून मिळतं.

सेक्शन आखणारा माणूस काय बघतो? चांगल्या स्वारांचा निकाल लागला पाहिजे. सगळेच शून्यावर सुटले तर स्पर्धा झालीच नाही. त्यामुळे गाड्या हलक्या झाल्या, कमी जागेत वळू लागल्या, की तो फीत थोडी आत सरकवतो. वळण आवळतो. पूर्वी जो दगड बाजूला सोडायचा तो आता वाटेत घेतो. त्याचीही चूक नाही, त्याला निकाल हवा असतो. पण त्याच सेक्शनमध्ये एक जण खरोखरची १९५५ ची जड गाडी घेऊन आलेला असतो. त्या गाडीचं हँडल तेवढं वळतच नाही. त्या दगडावर तिचं इंजिन खालून आपटतं. तो दिवसभर पाच, पाच, पाच घेत फिरतो. पुढच्या वर्षी तो ती गाडी घरी ठेवतो आणि स्वतःही एक हलकी 'जुनी' गाडी करून घेतो. किंवा येणंच बंद करतो.

म्हणजे माझ्या गाडीत मी केलेला बदल माझ्या गाडीत राहत नाही. तो जमिनीत उतरतो आणि जमिनीतून दुसऱ्याच्या गाडीपर्यंत जातो. मी नियम मोडलेला नसतो, कुणाला ढकललेलं नसतं, तरी शेजारच्याची गाडी माझ्यामुळे निकामी झालेली असते. आणि हे एकदाच होऊन थांबत नाही. सगळ्यांनी हलक्या गाड्या केल्या की पुन्हा सगळे शून्यावर, पुन्हा फीत आत. शेवटी प्रत्येकाने भरपूर पैसे घातलेले असतात, स्पर्धेतलं एकमेकांमधलं अंतर होतं तेवढंच राहतं, आणि जिच्यासाठी हे सगळं सुरू केलं ती गाडी तेवढी मैदानाबाहेर जाते.

हे फक्त मोटरसायकलींचं नाही. वर्गातल्या चार मुलांनी क्लास लावला की शिक्षक धरून चालतात की हे सगळ्यांना येतं, आणि क्लास न लावलेलं पाचवं मूल मागे पडतं. चार जणांनी फोटोला फिल्टर लावला की पाचव्याचा साधा चेहरा आजारी दिसू लागतो. 'मी माझ्यापुरतं केलं' हे वाक्य जिथे जिथे ऐकू येईल, तिथे फीत कुठे सरकली ते बघायची सवय लावून घ्यावी.

पण मिलरचं काय?

नव्या फ्रेमवाल्यांकडे याहून भारी एक युक्तिवाद आहे. त्याचं नाव सॅमी मिलर.

उत्तर आयर्लंडचा हा स्वार म्हणजे ट्रायल्समधला तेंडुलकर. १९५९ ते १९६९ अशी सलग ११ वर्षं तो ब्रिटिश विजेता होता. त्याची ५०० सीसीची एरियल तिच्या नंबरप्लेटवरून, 'जीओव्ही १३२' म्हणून, आजही ओळखली जाते. मिलरने ती गाडी कंपनीतून आली तशी कधीच ठेवली नाही. जिथून वजन कमी करता येईल तिथून केलं. पोलादाच्या जागी हलके धातू आणि फायबरग्लास आणलं, फ्रेम बदलली, चाकाचा कोन बदलला. कापत-घासत त्याने ती ११० किलोच्या आसपास आणून ठेवली, आणि पाचशे सीसीच्या चार-स्ट्रोक गाडीसाठी हे अफाट होतं.

मग नव्या फ्रेमवाले विचारतात, त्या काळाचा आत्माच जर 'गाडी सुधारत राहा' असा असेल, तर मिलरचा खरा वारसदार कोण? कंपनीतून आलेली गाडी जपून ठेवणारा, की आजही फाइल घेऊन बसणारा?

प्रश्न बिनतोड वाटतो. पण गोष्ट इथे संपत नाही. मिलरने १९६४ ची स्कॉटिश सिक्स डेज एरियलवर जिंकली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एरियल सोडली. स्पेनच्या बुल्ताको कंपनीबरोबर बसून त्याने शेर्पा नावाची दोन-स्ट्रोक गाडी घडवली होती. ती एरियलपेक्षाही कितीतरी हलकी होती. १९६५ ची स्कॉटिश सिक्स डेज त्याने तिच्यावर जिंकली. पुढच्या काही वर्षांत जड ब्रिटिश गाड्यांचं राज्य संपलं. 'प्री-सिक्स्टीफाइव्ह'ची रेषा १९६५ लाच का, याचं उत्तर बऱ्याच अंशी यात आहे. त्या रेषेपलीकडे एक वेगळंच जग सुरू होतं.

म्हणजे मिलरचा आत्मा पुढे न्यायचा असेल, तर जुनी गाडी हलकी करत बसण्यात अर्थ नाही. मिलरने जे केलं तेच करा, जुनी गाडी सोडून द्या. आज बाजारात मिळणाऱ्या ट्रायल्सच्या गाड्या ७० किलोच्या आसपास असतात, आता तर इलेक्ट्रिकही आहेत. त्या घ्या. त्यांच्या स्पर्धा वेगळ्या होतात आणि सगळ्यांना खुल्या असतात.

पण प्री-सिक्स्टीफाइव्हमध्ये नाव नोंदवणारा माणूस हे करत नाही. तो मुद्दाम रेषेच्या अलीकडे थांबतो. मिलर एरियलवर होता कारण त्या दिवशी त्याच्याकडे त्याहून चांगलं काही नव्हतं. आजचा स्वार जुन्या गाडीवर असतो, आणि शेजारच्या शोरूममध्ये चांगलं सगळं असतं. मिलरची नजर पुढे होती. आपण मागे वळून एक मर्यादा निवडलेली आहे. ती निवडल्यावर 'मिलरनेही कापलं होतं' हे सांगून तीच मर्यादा आतून पोखरायची, हा डाव दोन्हीकडून खाण्याचा आहे. जुन्या वर्गातला मान हवा आणि नव्या गाडीची सोय हवी.

अडचण जपायची

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९७८ साली खेळ म्हणजे काय यावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं नाव 'द ग्रासहॉपर', म्हणजे नाकतोडा. त्यातला विचार थोडक्यात असा. खेळात आपण सोपा मार्ग उपलब्ध असताना अवघड मार्ग स्वखुशीने घेतो, कारण त्या अवघडपणामुळेच तो खेळ होतो. गोल्फचा चेंडू हातात घेऊन भोकात टाकता येतो. तसं कोणी करत नाही, कारण चेंडू भोकात असणं हे मुळात कुणाला नकोच असतं.

आपल्याला हे पुस्तक न वाचताही कळतं. गल्ली क्रिकेटमध्ये 'डायरेक्ट भिंतीपलीकडे गेला तर आउट' हा नियम कुठून आला? भिंतीपलीकडे काकूंची कुंडी होती म्हणून. पण त्या नियमाने खेळ बदलला. चेंडू खाली ठेवून मारायची एक वेगळीच कला त्या गल्लीत तयार झाली. कुंडी गेली, काकू दुसरीकडे राहायला गेल्या, तरी पोरं तोच नियम पाळतात. कारण तो काढला तर उरेल ते क्रिकेट असेल, पण 'आपलं' नसेल.

जुन्या ट्रायल्सच्या गाडीचं हेच आहे. त्या दगडापलीकडे जाणं हे उद्दिष्टच नाही. पलीकडे तर चालतही जाता येतं. ती जड, हँडल कमी वळणारी गाडी घेऊन पाय न टेकता पलीकडे जाणं, हे उद्दिष्ट आहे. ती गाडी वळवण्यासाठी शरीराचं वजन कुठे टाकायचं, थ्रॉटल कधी सोडायचा, क्लच किती दाबायचा, हे ज्ञान त्या अडचणीच्या पोटात वाढलेलं असतं. अडचण काढून घेतली की ते ज्ञान शिकायचं कारणच संपतं. मग ते कुणी विसरलं असंही म्हणता येत नाही. ते नुसतं गळून पडतं.

म्हणून माझं उत्तर असं आहे. जुनी गाडी धातूच्या वयात नसते, कागदातही नसते. ती जी अडचण घेऊन येते, त्यात ती असते. ती अडचण शाबूत असेल तर नवा धातू चालेल. ती नसेल तर जुना धातूही फसवा.

हे एकदा मान्य केलं की मघाची कोडी सुटायला लागतात. मूळ फ्रेम दुर्मीळ आहे, तडे गेलेत, म्हणून कोणी अगदी त्याच मापाची, त्याच वजनाची, त्याच कोनांची नवी फ्रेम घडवली? खुशाल. उलट त्यामुळे मूळ फ्रेम वाचली. मूळचीच फ्रेम कापून, वाकवून, पुढच्या चाकाचा कोन आजच्या गाडीसारखा केला? मग धातू १९५९ चा असला तरी ती गाडी गेली. मद्रासची १९८५ ची बुलेट? माझ्या मते तिला आत घ्यावं, चहाही पाजावा.

ब्रेकचं काय? डोंगरउतारावर थांबता येणं हा ज्यावर कुणाचा जीव अवलंबून आहे असा मुद्दा आहे. तिथे जुनेपणाचा हट्ट धरणं मूर्खपणा. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं काय? हे मात्र खरंच सीमेवरचं आहे. पॉइंट साफ करणं, त्यांच्यातली फट फीलर गेजने मोजून लावणं, ओलाव्याने गाडी बंद पडली तर नदीकाठी बसून ती चालू करणं, हाही त्या अडचणीचाच भाग होता. पण त्यापायी कोणी अर्ध्यातून घरी जात असेल तर बदल समजण्यासारखा आहे. मी तरी या बाबतीत हट्ट धरणार नाही. प्रश्न विचारायचा तो एवढाच: या बदलाने गाडी टिकते, की गाडीची अडचण टळते? दुरुस्ती आणि पळवाट यांत फरक करायला बहुतेक वेळा हा प्रश्न पुरतो.

एक आक्षेप मात्र मनापासून ऐकायला हवा. या स्पर्धांमध्ये साठी-सत्तरीतले स्वार बरेच असतात. गुडघे, पाठ, खांदे साथ देत नाहीत. १४० किलोची गाडी ओढ्यात पडली तर उचलणार कोण? हलकी गाडी ही त्यांच्यासाठी चैन नाही, तिच्यामुळेच ते अजून खेळात आहेत. त्यांना नियमाचं पुस्तक दाखवून घरी पाठवायचं का?

नाही. पण दयाळूपणा दाखवायच्या जागा दोन आहेत. एक, गाडी हलकी होऊ द्यायची. दोन, वाट सोपी करायची. बऱ्याच क्लबांमध्ये एकाच सेक्शनमध्ये वेगवेगळ्या रंगांचे बाण लावून अवघड आणि सोपी अशा वाटा आखतातच. त्यातली दुसरी जागा मला जास्त न्याय्य वाटते. वाट सोपी केली की म्हातारा स्वार आणि जड जुनी गाडी दोघंही खेळात राहतात. गाडी हलकी केली की एकच राहतो. आणि ज्याला हलकीच गाडी हवी आहे, त्याच्यासाठी वेगळा वर्ग ठेवावा, उघडपणे. बदललेल्या गाडीत वाईट काही नाही. ती 'न बदललेली' म्हणून रांगेत उभी राहते, तेव्हा गडबड होते.

जे दिसत नाही ते

आता शेवटची अडचण. वरचं सगळं पटलं, क्लबने चोख नियम लिहिले, तपासनीस नेमला. तपासनीसाला काय दिसणार? फ्रेम, हब, टाकी. इंजिन तो उघडणार नाही. आत फ्लायव्हील किती वजनाचं आहे, गिअरचं प्रमाण काय आहे, बोल्ट पोलादाचे की टायटॅनियमचे, फोर्कच्या नळीत काय भरलंय, हे फक्त मालकाला ठाऊक. क्लबच्या स्पर्धेत बक्षीस म्हणाल तर एखादा छोटा कप. तेवढ्यासाठी कोणी प्रयोगशाळा उभारणार नाही, आणि उभारूही नये.

म्हणजे हा नियम शेवटी शब्दावर उभा आहे. 'माझी गाडी अशी आहे' हे माझं वाक्य, आणि तुम्ही ते खरं धरणं.

नव्या पिढीला हे भाबडं वाटू शकतं. आपण ओटीपीच्या जगात वाढलो. प्रत्येक गोष्ट तपासली जाते, आणि तपासता येत नाही ते कोणी पाळत नाही, असं आपण गृहीत धरतो. पण ट्रायल्सकडे नीट बघा. या खेळाचा पायाच असा आहे. धूळ उडालेली, झाडाची फांदी आड आलेली, आणि पलीकडच्या बाजूला स्वाराचा पाय क्षणभर दगडाला लागला. निरीक्षकाला दिसला नाही. स्वाराला मात्र बुटातून कळलं. तो काय करतो, यावर त्याचं एका गुणाचं नुकसान ठरतं. त्याचं स्वतःबद्दलचं मतही तिथेच ठरतं. व्हिडिओ रिव्ह्यू नाही. बाहेर पडताना निरीक्षकाकडे एक बोट दाखवायचं किंवा नाही दाखवायचं, इतकंच.

पायाचं जे, तेच गाडीचं. ज्या मर्यादेवर कुणाचं लक्ष नाही ती पाळणं, यालाच आपण ती 'आपली' मर्यादा म्हणू शकतो. बाकीच्या नुसत्या लादलेल्या असतात. पोलीस दिसल्यावर हेल्मेट घालणाऱ्याला डोक्याची काळजी नसते. आणि ज्याने स्वखुशीने जुनी, जड, अडवणारी गाडी निवडली, त्याने ती निवड इंजिनच्या कवचाआड मागे घेतली, तर निरीक्षक नंतर फसतो. आधी त्याने स्वतःलाच फसवलेलं असतं. त्याच्या हातातला कप एका अशा माणसाला मिळालेला असतो जो त्या सेक्शनमध्ये उतरलाच नव्हता.

पुढच्या वेळी कोणी अभिमानाने जुनी बुलेट दाखवली, तर आपण सवयीने विचारतो, 'ओरिजिनल आहे का?' त्याऐवजी विचारून बघा, 'चालवायला कशी आहे?' मालक जर म्हणाला की अगदी नव्या गाडीसारखी, काही त्रास नाही, तर गाडी सुंदर आहे एवढं म्हणून पुढे निघावं. आणि तो जर किक मारायची रीत सांगू लागला, थंडीत ती कशी अडते, उतारावर कशी ओढते, कुठल्या गिअरमध्ये रुसते, ते हातवारे करून दाखवू लागला, तर थांबावं. सुटे भाग कितीही बदललेले असोत, गाडी जुनी आहे.